स्तनाचा कर्करोग : गाठीतील प्रथिनांची साक्ष

स्तनातील गाठ कर्करोगाची आहे असे एकदा निश्चित झाले की रुग्ण स्त्री आणि तिचे कुटुंबीय डॉक्टरांपुढे दोन प्रश्न ठेवतात. पुढे काय होणार, हा पहिला. आणि कोणते औषध लागू पडेल, हा दुसरा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नांची उत्तरे गाठ केवढी आहे आणि काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला आहे की नाही, मुख्यतः एवढ्यावरूनच दिली जात. ही दोन मापे आजही महत्त्वाची आहेत. परंतु सारख्याच आकाराची गाठ असलेल्या दोन स्त्रियांपैकी एक वीस वर्षे निरोगी राहते आणि दुसरीचा रोग दोन वर्षांत उलटतो, याचा उलगडा त्या मापांवरून होत नसे. तो उलगडा पुष्कळ अंशी कर्कपेशींतील काही प्रथिनांनी केला. ही प्रथिने कोणती, ती कशी पाहतात आणि ती पाहण्यात चूक झाली तर काय अनर्थ ओढवतो, याची माहिती वैद्यकीय व्यवसायाबाहेरील वाचकांनाही असणे इष्ट आहे. कारण या चाचणीचा खरेखोटेपणा पुष्कळदा प्रयोगशाळेच्या दारात पोहोचण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो.

या विषयाची सुरुवात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी झाली. जॉर्ज बीटसन या शस्त्रवैद्याने वाढलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण स्त्रीचे अंडाशय काढून टाकले आणि तिच्या गाठी विरघळू लागल्याचे पाहिले. १८९६ मध्ये त्याने हा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या वेळी ‘हार्मोन’ हा शब्ददेखील रूढ नव्हता; तो १९०५ साली आला. अंडाशयात तयार होणारे काहीतरी द्रव्य या गाठींचे पोषण करते, एवढे मात्र बीटसनच्या ध्यानी आले होते. अडचण अशी की पुढे ही शस्त्रक्रिया अनेकांनी केली तेव्हा साधारण तीनपैकी एकाच स्त्रीला गुण येई. उरलेल्या दोघींना व्यर्थ शस्त्रक्रिया सोसावी लागे आणि कोणाला गुण येणार हे आधी सांगण्याचा काही मार्ग नव्हता.

तो मार्ग शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन यांनी दाखवून दिला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ईस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावली आणि ते शरीरात कोठे जाऊन थांबते याचा माग काढला. गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांच्या पेशी हे संप्रेरक धरून ठेवतात आणि धरून ठेवणारी वस्तू म्हणजे पेशीतील एक प्रथिन आहे, असे त्यांना आढळले. या प्रथिनाला ईस्ट्रोजेन-ग्राही म्हणतात. वैद्यकीय अहवालात त्याची ‘ई-आर’ अशी दोन अक्षरे असतात. खाजन शेताच्या बांधावरील मानशीची दारे भरतीच्या पाण्याच्या रेट्याने मिटतात आणि ओहोटी लागली की उघडतात. कोणी हाक मारून ती उघडत नाहीत. ग्राही प्रथिनाचेही तसेच आहे. रक्तातून ईस्ट्रोजेन येऊन त्याला चिकटले की पेशीच्या केंद्रकात वाढीचा हुकूम सुटतो. ज्या गाठीत हे प्रथिन आहे ती ईस्ट्रोजेनवर वाढते आणि ईस्ट्रोजेन तोडले तर खंगते. ज्या गाठीत ते नाही तिला या द्रव्याशी कर्तव्य नसते. तीनपैकी दोघींची शस्त्रक्रिया वाया का जात होती, याचे कारण असे कळून आले.

याच सुमारास इंग्लंडमधील आय.सी.आय. या कंपनीत टॅमॉक्सिफेन हे औषध तयार झाले. ते शोधले होते संततिनियमनासाठी, आणि त्या कामी ते निरुपयोगी ठरले. मँचेस्टरच्या ख्रिस्ती रुग्णालयात स्तनकर्करोगावर त्याची परीक्षा झाली व १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला परवानगी मिळाली. हे औषध ग्राही प्रथिनाला चिकटून ईस्ट्रोजेनची जागा अडवते. २०११ साली अनेक देशांतील वीस प्रयोगांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, ई-आर असलेल्या स्त्रियांनी सुमारे पाच वर्षे ही गोळी घेतल्यास पंधरा वर्षांच्या काळात या रोगाने होणारे मृत्यू साधारण एकतृतीयांशाने घटतात. ई-आर नसलेल्या स्त्रियांना मात्र काही लाभ होत नाही. गोळी स्वस्त आहे, घरी घेता येते आणि आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचा समावेश आहे. एवढ्या अल्प खर्चात एवढे प्राण वाचविणारी औषधे कर्करोगाच्या क्षेत्रात फारशी नाहीत. म्हणून ई-आरचा अहवाल चुकला तर काय हरवते, हे वाचकांनी मनाशी नीट धरावे.

येथे एका शब्दाविषयी सांगणे आवश्यक आहे. हिवताप, क्षय वा कावीळ यांच्या तपासणीत ‘निगेटिव्ह’ हा शब्द दिसला की घरात समाधान पसरते. स्तनकर्करोगाच्या अहवालात ‘ई-आर निगेटिव्ह’ याचा अर्थ रोग नाही असा नसून, संप्रेरक रोखणारी औषधे या गाठीवर चालणार नाहीत असा आहे. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे ती चालण्याचा संभव आहे. अहवाल घेऊन गावी परतलेल्या कुटुंबाने हा शब्द उलटा वाचावा आणि गोळ्यांची गरज उरली नाही असे समजावे, ही शक्यता अगदीच दूरची नाही. शिक्षक, आरोग्यसेविका आणि पंचायतीतील जाणते लोक यांच्याकडे असे कागद वाचण्यासाठी येतात. त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

ई-आरच्या जोडीने आणखी तीन प्रथिने पाहिली जातात. प्रोजेस्टेरोन-ग्राही, म्हणजे ‘पी-आर’, हे त्यांतील पहिले. ई-आर नीट कार्य करीत असेल तर बहुधा पी-आर निर्माण होते. म्हणून ते ई-आरच्या कार्याची खूण मानले जाते आणि ते असल्यास रोगाची चाल सामान्यतः सौम्य असते.

‘हर-२’ची गोष्ट निराळी आहे. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि वाढीचा संदेश आत पोहोचविते. निरोगी पेशीवरही ते थोडे असतेच; पण काही गाठींत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढून प्रथिनाचा पूर येतो. १९८७ साली डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासून दाखवून दिले की, ज्यांच्यात हे जनुक वाढलेले आहे त्या स्त्रियांचा रोग लवकर उलटतो व आयुष्य कमी होते. या प्रथिनावर नेमके जाऊन बसणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत संमत झाले आणि एके काळी सर्वांत अशुभ समजली जाणारी खूण उपचाराची किल्ली बनली. रोगाची चाल सांगणारी खूण आणि औषधाचा उपयोग सांगणारी खूण यांत भेद करावा लागतो, तो यासाठी. हर-२ या दोन्ही गोष्टी सांगते. मात्र त्यावरील औषध मिळणार असेल तर पहिली गोष्ट बरीचशी बदलते. म्हणून ‘हर-२ पॉझिटिव्ह’ वाचून आशा सोडणे आज चूक ठरेल.

हर-२चा निकाल शून्य, एक, दोन, तीन अशा गुणांत देतात. तीन म्हणजे निश्चित पॉझिटिव्ह. शून्य व एक म्हणजे निगेटिव्ह. दोन गुण आले तर निर्णय झालेलाच नसतो; जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ ही वेगळी तपासणी करून घ्यावी लागते. ती सर्वत्र होत नाही आणि तिला खर्च येतो, त्यामुळे दोन गुणांचा अहवाल तसाच फायलीत पडून राहण्याचा धोका असतो. दोन गुणांवर कोणताही अंतिम निर्णय घेऊ नये आणि ‘फिश’ केल्यावाचून तो अहवाल पूर्ण झाला असे समजू नये.

तिसरे प्रथिन ‘के-आय-६७’. जर्मनीतील कील या शहरात ते सापडले म्हणून ‘के-आय’, आणि प्रयोगाच्या तबकडीतील सदुसष्टाव्या खळग्यात त्याचा प्रतिपिंड होता म्हणून ६७. १९८३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. विभाजनाच्या मार्गाला लागलेल्या पेशींतच ते दिसते, म्हणून शंभर पेशींपैकी किती पेशी वाढीला लागल्या आहेत हे त्यावरून कळते. कल्पना सुरेख आहे, पण मोजणी अवघड आहे. एकाच काचपट्टीकडे पाहून दोन तज्ज्ञ वेगवेगळे आकडे सांगतात. म्हणून तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने असे मत दिले की, ई-आर पॉझिटिव्ह असलेल्या लहान गाठींत ५ टक्के वा त्याहून कमी, अथवा ३० टक्के वा त्याहून अधिक, असा आकडा असेल तरच त्यावर विसंबावे. मधल्या आकड्यांवरून भविष्य वर्तविणाऱ्यांचे म्हणणे सावधपणे ऐकावे हे बरे.

ई-आर, पी-आर व हर-२ ही तिन्ही नसलेल्या रोगाला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. तो पहिल्या काही वर्षांत उलटण्याचे भय अधिक असते आणि त्यावर मुख्य भिस्त रसायनोपचारावर असते. मात्र ही पहिली वर्षे निर्वेध पार पडली की धोका पुष्कळ ओसरतो. ई-आर पॉझिटिव्ह रोगाची चाल याच्या उलट असते. तो सावकाश चालतो, पण विसरत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पाच वर्षे गोळ्या घेऊन त्या वेळी रोगमुक्त असलेल्या स्त्रियांना पुढील पंधरा वर्षे पाहिले गेले. गाठ लहान आणि काख स्वच्छ असलेल्यांतही १३ टक्के स्त्रियांत रोग दूरच्या अवयवात पुन्हा उद्भवला. गाठ मोठी व चार ते नऊ ग्रंथी बाधित असतील तर हे प्रमाण ४१ टक्क्यांपर्यंत गेले. बरे वाटते म्हणून दुसऱ्याच वर्षी गोळ्या बंद करणाऱ्या स्त्रियांना हे आकडे समजावून सांगितले पाहिजेत.

आता ही प्रथिने पाहतात कशी, ते पाहू. आरंभी गाठीचा ताजा तुकडा गोठवून, वाटून, किरणोत्सर्गी संप्रेरकाने मोजमाप करीत. त्यासाठी मोठा तुकडा व मोठी प्रयोगशाळा लागे. १९९० नंतरच्या दशकात प्रतिपिंडांनी रंगविण्याची पद्धत सर्वत्र आली. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून तो पॅराफिन मेणाच्या वडीत बसवितात. या वडीला ‘ब्लॉक’ म्हणतात. तिचे मिलिमीटरच्या सहस्रांश भागांत मोजावे इतके, साधारण चार सहस्रांश जाडीचे, काप काढून काचेवर चढवितात. मग ते विशिष्ट द्रावणात तापवितात, कारण फॉर्मॅलिनने जखडलेले प्रथिन उष्णतेने मोकळे होते. त्यावर त्या प्रथिनालाच चिकटणारा प्रतिपिंड सोडतात आणि अखेर जेथे प्रतिपिंड बसला तेथे तपकिरी रंग उमटवितात. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून शंभरांत किती केंद्रके तपकिरी झाली ते मोजतो. पूर्वी अनेक ठिकाणी १० टक्क्यांखाली निगेटिव्ह धरीत. २०१० पासून अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी १ टक्का ही सीमा ठरविली. २०२० पासून १ ते १० टक्क्यांच्या गाठींची ‘अल्प पॉझिटिव्ह’ अशी निराळी नोंद करण्यास त्यांनी सांगितले.

या पद्धतीत एक मोठा सापळा आहे. तपकिरी रंग उमटला नाही, तर प्रथिन नाही म्हणून उमटला नाही की रंगविण्यातच काही बिघडले म्हणून, हे नुसत्या कर्कपेशींकडे पाहून कळत नाही. दोन्ही चित्रे एकसारखीच दिसतात.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर या प्रांतात जे घडले ते या सापळ्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. सेंट जॉन्स येथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत १९९७ पासून ही रंगविण्याची पद्धत सुरू झाली. आठ वर्षे अहवाल जात राहिले. २००३ मध्ये तेथील एका विकृतिशास्त्रज्ञाने निकाल भरवशाचे नाहीत असे लेखी कळवून काही आठवडे काम थांबविलेही होते. पण जुने अहवाल कोणी पुन्हा उघडले नाहीत. २००५ मध्ये नवे स्वयंचलित यंत्र आल्यावर पूर्वी निगेटिव्ह ठरलेल्या एका स्त्रीची चाचणी पुन्हा केली, ती पॉझिटिव्ह आली. आणखी काही जणींची केली, त्यांतही तेच. तेव्हा १९९७ ते २००५ मधील नमुने टोरांटोला फेरतपासणीस पाठविले गेले. हजाराच्या आसपास स्त्रियांपैकी सुमारे चारशे जणींचे निकाल चुकीचे होते. त्यांतील शंभराहून अधिक स्त्रिया तोवर मरण पावल्या होत्या. योग्य औषध मिळाले असते तर त्यांपैकी किती जगल्या असत्या हे कोणालाच सांगता येणार नाही; परंतु ज्या गोळीवर त्यांचा हक्क होता ती त्यांना दिली गेली नाही.

न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने मार्च २००९ मध्ये आपला अहवाल सादर केला आणि साठ शिफारशी केल्या. कोणा एका व्यक्तीच्या माथी दोष मारून प्रकरण संपविण्याजोगे ते नव्हते. नमुने नीट टिकविले जात नव्हते, कामाची लेखी पद्धत नव्हती, तंत्रज्ञांना पुरेसे शिक्षण नव्हते, विकृतिशास्त्रज्ञ वरचेवर बदलत होते आणि पडताळणीची तपकिरी खूण पाहण्याचा नेम नव्हता. ही खूण म्हणजे काय, ते सांगतो. गाठीच्या कापात बहुधा शेजारच्या निरोगी दुग्धनलिकाही असतात आणि त्यांच्या काही पेशींत ई-आर असतेच. त्या तपकिरी झाल्या असतील तर चाचणी चालली असे समजावे. त्याही कोऱ्या असतील तर तो निकाल ‘निगेटिव्ह’ नव्हे. ती चाचणीच फसली. सरकारी असो वा खाजगी, प्रयोगशाळेने ही गोष्ट अहवालात लिहावी, असा आग्रह आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांनी धरण्याजोगा आहे.

आपल्या देशालाही हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २००० साली प्रसिद्ध झालेल्या ७९८ गाठींच्या अभ्यासात केवळ एकतृतीयांशाच्या आसपास गाठी ई-आर पॉझिटिव्ह होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण ७० टक्के वा अधिक असते. भारतीय स्त्रियांचा रोगच निराळा, असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. २००९ मध्ये त्याच संस्थेतील विकृतिशास्त्रज्ञांनी आठ वर्षांचे आकडे पुन्हा पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक गाठींत संप्रेरक-ग्राही आढळले. आपल्याकडील रुग्ण वयाने तरुण असतात व उशिरा येतात हा भाग खरा आहेच. पण उरलेल्या फरकात फॉर्मॅलिनचा वाटा किती, असा प्रश्न त्या आकड्यांनी उभा केला.

फॉर्मॅलिन हा शब्द गोमंतकीयांना २०१८ च्या जुलैपासून चांगलाच परिचित झाला आहे. परराज्यांतून येणाऱ्या मासळीत ते असल्याच्या संशयाने तेव्हा सारा प्रदेश ढवळून निघाला. मासळीत ते नको. परंतु कापून काढलेल्या गाठीला त्याखेरीज गती नाही. बर्फावाचून ठेवलेली मासळी ज्या कारणाने बिघडते त्याच कारणाने शरीराबाहेर काढलेली गाठ बिघडू लागते आणि ग्राही प्रथिने त्यात लवकर नाश पावतात. म्हणून गाठ काढल्यापासून एक तासाच्या आत ती १० टक्के प्रमाणित फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. त्यात ती सहा तासांहून कमी वा बहात्तर तासांहून जास्त राहू नये. द्रव गाठीच्या निदान दहापट हवा. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण एकच मिलिमीटर शिरते. तेव्हा संपूर्ण स्तन काढला असेल तर तो तसाच बरणीत न बुडविता गाठीपर्यंत आडवे छेद घेणे अवश्य आहे, अन्यथा बाहेरचा भाग टिकतो आणि आत, जेथे रोग आहे तेथे, कुजण्याची क्रिया चालू राहते. सलाइनच्या पाण्यात वा स्पिरिटमध्ये ठेवलेला नमुना या चाचणीच्या दृष्टीने गमावल्यात जमा.

या सर्वाला यंत्रसामग्री लागत नाही. बरणी, प्रमाणित द्रव, घड्याळ आणि लेबल लागते. लेबलावर गाठ काढल्याची व द्रवात टाकल्याची वेळ लिहिली गेली तर दूरच्या प्रयोगशाळेतील तज्ज्ञाला नमुन्याची पत कळते. लहान रुग्णालयांनी पंचांग पाहून काम करावे, असेही सुचवावेसे वाटते. चवथीच्या आदल्या दिवशी काढलेली गाठ सुट्या संपेपर्यंत बरणीत राहिली तर बहात्तर तासांची मर्यादा सहज ओलांडली जाते. शक्य असेल तेथे आधी सुईने छोटा तुकडा काढून, म्हणजे कोअर बायोप्सी करून, त्यावर ही तपासणी करावी. तुकडा लहान असल्याने द्रव त्यात लवकर मुरतो व शस्त्रक्रियेपूर्वीच उपचाराची दिशा ठरते.

रक्तातील ‘सी-ए १५-३’ या प्रथिनाची चाचणी काही ठिकाणी आरोग्य तपासणीच्या संचात घालून विकली जाते. स्तनकर्करोग लवकर ओळखण्यासाठी तिचा उपयोग नाही. दूरवर पसरलेल्या रोगाचा उपचार चालू असताना तिला थोडेफार स्थान आहे. निरोगी स्त्रीने तीवर पैसे घालवू नयेत. स्तनात गाठ, त्वचेला खळगा वा स्तनाग्रातून रक्त दिसताच डॉक्टरांना दाखवावे.

रुग्णाच्या घरच्यांनी अहवालाची मूळ प्रत तर जपावीच, पण आपला पॅराफिन ब्लॉक कोठे आहे याचीही चौकशी करून ठेवावी. उपचारासाठी बांबोळीहून मुंबईस, किंवा बेळगावहून हुबळीस जावयाचे झाल्यास तो मागून घेता येतो. थंड, कोरड्या जागी तो पुष्कळ वर्षे टिकतो. न्यूफाउंडलंडच्या स्त्रियांना उशिरा का होईना खरा निकाल कळला, तो केवळ त्यांचे ब्लॉक कपाटांत राहिले होते म्हणून. आणि एखाद्या प्रथिनाला आज अर्थ नसला तरी उद्या येऊ शकतो. हर-२चा एक गुण, किंवा दोन गुण व ‘फिश’ निगेटिव्ह, असा निकाल म्हणजे त्या औषधांचा उपयोग नाही, अशी २०२२ पर्यंत समजूत होती. त्या वर्षी ट्रास्टुझुमॅब-डेरुक्स्टेकॅन या औषधाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि रोग पसरलेल्या अशा स्त्रियांनाही त्याने लाभ होतो असे दिसून आले. पुष्कळ जुन्या काचपट्ट्या तेव्हापासून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली आल्या आहेत.